घर लावणारी

माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याचा, मिलिंदचा फोन आला तेव्हा मी हॉलचे पडदे धुऊन पिळत होते. दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले होते. "मेधाताई, प्रज्ञा गेली…" एवढंच तो म्हणाला. मीही "येते" म्हणाले आणि फोन ठेवला. काय करावं ते सुचेना, म्हणून ते ओले पडदे तसेच दांडीला अडकवले, कुलूप लावलं आणि स्टेशनवर गेले. तळेगावहून लोणावळा काही लांब नाही. कामशेतच्या पुढे दोन्ही बाजूंना भाताची कापलेली खाचरं दिसत होती, काही ठिकाणी पेंढ्या अजून तशाच पडल्या होत्या. ही बातमी कधीतरी येणार हे मला सहा महिने माहीत होतं. तरी त्या प्रवासात मी मनात तिला सांगत होते, अगं, मी पडदे ओलेच लावून आले, तू असतीस तर ओरडली असतीस.

तिच्या दारात चपलांचा ढीग होता. हॉलमध्ये खिडकीपाशी तिचा पलंग, आणि त्यावर ती. पायाशी तिची आई बसली होती, लेकीच्या पावलावर हात ठेवून. टाकव्याच्या हिराबाई, मी त्यांना मावशी म्हणते. मला बघून त्या म्हणाल्या, "आलीस व्हय मेधे… बघ, निजल्यावानी दिसती का न्हाई?" मी मान हलवली. थोड्या वेळाने त्रिशरण-पंचशील झालं, मग तिला नेलं. या सगळ्याला आता दोन महिने होत आले.

प्रज्ञा साळवे इंटिरियर डिझायनर होती. लोणावळा, खंडाळा, तळेगाव, वडगाव या पट्ट्यात तिने बरीच घरं केली. स्वतः मात्र ती 'इंटिरियर' हा शब्द फारसा वापरायची नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "मी घरं लावते." ऐकणाऱ्याला वाटायचं, ही बाई घर आवरून देते की काय. तिला त्याचं काही वाटायचं नाही. "आवरणं आणि लावणं यात फार अंतर नाही," म्हणायची.

आमची ओळख वडगावच्या शाळेतली. आठवीत ती आमच्या वर्गात आली. टाकवे बुद्रुकहून एस.टी.ने यायची, पावसाळ्यात दप्तराला प्लॅस्टिकची पिशवी बांधून. तिचे वडील घरची थोडी भातशेती बघून तळेगावजवळच्या एका कारखान्यात पाळीला जायचे. सगळे त्यांना भाऊ म्हणत. एका मे महिन्यात मी पहिल्यांदा तिच्या घरी गेले. गावाच्या कडेला त्यांची वस्ती, दोन खोल्यांचं कौलारू घर, शेणाने सारवलेली जमीन, निळ्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. बाहेरच्या रणरणत्या उन्हातून आत गेलं की डोळ्यांपुढे काळोखच यायचा. पण त्या काळोखात जमिनीवर उजेडाचा एक चौकोन पडला होता आणि त्या चौकोनात प्रज्ञाची चटई, वह्या, कंपास असं सगळं मांडलेलं होतं. मी वर पाहिलं. छपरातलं एक कौल काढून तिथे काच बसवली होती.

भाऊ तेव्हा दारात बिडी ओढत बसले होते. मी वर बघतेय हे पाहून हसले. "पोरीनं डोकं खाल्लं माजं. म्हनं, येक कौल काडा आन काच बसवा. मी म्हनलं, पावसात गळंल की गं. तर म्हनती, गळू द्या, खाली बादली ठिवू." आतून मावशी ओरडल्या, "आन बादली कोन उपसतंय, ते बी सांगा की!" तो उजेडाचा चौकोन दिवसभर सरकायचा. सकाळी भाताच्या कणगीपाशी, दुपारी चुलीजवळ, संध्याकाळी उंबऱ्याकडे. प्रज्ञा चटई घेऊन त्याच्या मागे मागे जायची. चुलीजवळ असली की भाकरी थापणाऱ्या मावशींशी बोलत गणितं सोडवायची, उंबऱ्यात आली की भाऊंशी. मला त्या घराचा हेवा वाटला होता. दोन खोल्यांचं घर, पण दिवसभरात ती ते सगळं वापरायची.

आमचं घर वडगावच्या बाजारपेठेत, पक्कं, दुमजली. वडील कोर्टात वकिली करायचे. बाहेरच्या खोलीत काचेचं शोकेस, त्यात कप आणि बाहुल्या, सोफ्यावर आईने विणलेली कव्हरं. खिडकीला कायम पडदा, त्यामुळे दिवसाही ट्यूब. प्रज्ञा पहिल्यांदा आली तेव्हा सोफ्याच्या अगदी टोकाशी बसली होती. आईने तिला चहा तिथेच आणून दिला. माझ्या बाकीच्या मैत्रिणी सरळ स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभ्या राहायच्या. प्रज्ञाला आईने आत बोलावलं नाही. कोणी काही बोललं नाही, चहाही चांगल्या कपातून दिला होता. पण कारण तिला कळलं आणि मलाही. पुढे कितीतरी वर्षांनी, आम्ही चाळिशीच्या असताना, ती एकदा सहज म्हणाली, "घराचा नकाशा मी कॉलेजात शिकले, पण घराचा नकाशा म्हणजे काय ते तुमच्याकडे कळलं होतं. कोणी कुठपर्यंत यायचं ते त्यात लिहिलेलं असतं." तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. बोलता बोलता ती समोरच्या टाइल्सचे नमुने उलटत होती.

पुण्यात डिप्लोमा करून ती काही वर्षं एका आर्किटेक्टकडे राबली. रेल्वेत नोकरीला असलेल्या मिलिंदशी लग्न झालं आणि ती लोणावळ्याला राहायला गेली. मूल झालं नाही. त्याबद्दल ती मोजकं बोलली, नंतर तेही थांबलं. लोणावळ्यात तिला कामं मिळाली ती बहुतेक शनिवार-रविवारच्या बंगल्यांची. मालक मुंबई-पुण्याचे, यायचे दोन दिवस, बाकी दिवस घर बंद. तिथला पाऊस कसा ते इथल्यांना सांगायला नको. चार महिने बंद राहिलेलं घर उघडलं की ओलीचा जो वास येतो, तो तिचा पहिला शत्रू. कपाटं भिंतीला चिकटवू द्यायची नाही, मागून हवा खेळली पाहिजे. वॉलपेपरचं नाव काढलं तरी हसायची. "एका पावसाळ्यात त्याच्यावर बुरशी येते, आणि मग लोक म्हणतात घरात उदास वाटतं. वाटणारच! नाकाला आधी कळतं, मनाला नंतर."

नव्या घरात पहिल्या दिवशी ती मोजमापाची टेप बाहेर काढायची नाही. एका खोलीत जाऊन नुसती बसायची, मग दुसऱ्या. मालकांना चमत्कारिक प्रश्न विचारायची. भांडण झालं की तुमच्यापैकी कोण कुठे जाऊन बसतं? कोणाला यायला उशीर झाला तर वाट कुठे बघता, गॅलरीत की दाराशी? टीव्ही बिघडला तर संध्याकाळी कुठे बसाल? एका निवृत्त जोडप्याने या शेवटच्या प्रश्नावर एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही उत्तर देता आलं नाही, हे ती मला फोनवर सांगत होती. हसत नव्हती. "त्यांच्या घरात टीव्हीसमोर दोन खुर्च्या आहेत मेधे, आणि बाकी कुठेही दोन माणसं एकत्र बसतील अशी जागाच नाही." तिने त्यांच्या मागच्या दाराबाहेर, फणसाच्या झाडाखाली, एक दगडी बाक करून दिला. पुढे ते जोडपं तिला दर वर्षी फणस पाठवायचं.

सगळीकडे असं गोड झालं नाही. खंडाळ्याजवळ एका मोठ्या बंगल्याचं काम तिच्याकडे आलं होतं. खूप मोठं, तिला हवं ते करायची मुभा देणारं. नकाशात जिन्याखाली घरकाम करणाऱ्या माणसांसाठी एक खोली होती. तिला खिडकी नव्हती. प्रज्ञाने सुचवलं की मागच्या भिंतीत खिडकी काढू. मालक म्हणाले, तिथून आमच्या लॉनवर नजर पडते, प्रायव्हसी जाते. तिने आणखी दोन पर्याय काढून नेले. ते म्हणाले, "मॅडम, त्यांना फक्त झोपायचंय तिथे." प्रज्ञाने विचारलं, "हो, पण सकाळ झाली हे त्यांना कळणार कसं?" मालकांना ते लागलं. पुढच्या आठवड्यात निरोप आला की काम दुसऱ्याला दिलंय. मी म्हणाले, अगं, एका खिडकीसाठी एवढं काम घालवलंस? तेव्हा ती म्हणाली, "मी घालवलं नाही गं, मला ते करताच आलं नसतं. मी ती खोली कागदावर काढायला घेतली की माझा हात थांबायचा." तो बंगला उभा राहिला, खिडकीशिवायच. त्या रस्त्याने जाताना ती तिकडे बघायची नाही.

आणि एकदा तर तिचं स्वतःचंच घर तिला फसलं. लोणावळ्यातला हा फ्लॅट घेतला तेव्हा तिने तो अगदी मनासारखा सजवला. पांढऱ्या भिंती, स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये भिंतच नाही, मधोमध मोठा एल आकाराचा सोफा, भिंतीलगत बुटकी कपाटं, प्रत्येक वस्तू आपल्या जागी. बघायला येणारे थक्क व्हायचे, मीही झाले होते. मग भाऊ गेले आणि तिने मावशींना टाकव्याहून आपल्याकडे आणलं. मावशी चारच दिवसांत मलूल झाल्या. जेवण कमी, बोलणं कमी. दिवसभर गॅलरीत, कपडे वाळत घालतात तिथे, फरशीवर बसून राहायच्या. मी भेटायला गेले तर तिथेच सापडल्या. मी विचारलं, मावशी, इथे का? आत बसा की. तर म्हणाल्या, "लय भारी हाय गं घर. पन मला न्हाई करमत हितं. जाते आपली टाकव्याला."

प्रज्ञाला वाटलं, भाऊंचं दुःख आहे, गाव सुटलंय, होईल हळूहळू. डॉक्टरांना दाखवून झालं. टीव्हीवर मावशींना आवडतात त्या मालिका लावून झाल्या. मग एका दुपारी, मावशी गॅलरीत डुलक्या घेत होत्या तेव्हा, ती स्वतः हॉलच्या जमिनीवर बसून बघायला लागली. हे तिनेच मला नंतर सांगितलं. आधी सोफ्याच्या पुढे बसली, तर सोफ्याची कड मानेत घुसली. कपाटापाशी बसली, तर हँडल पाठीत टोचलं. खोलीच्या मधे बसली, तर चारी बाजूंनी उघडं वाटायला लागलं. "अख्ख्या घरात पाठ टेकायला मोकळी भिंत नव्हती मेधे! मी एकही भिंत रिकामी सोडली नव्हती. फक्त गॅलरीत होती." हे सांगताना तिचा चेहरा इतका उजळला होता की मला कळेना, हिला दुःख झालंय की आनंद.

दुसऱ्याच दिवशी तिने सुताराला बोलावलं. ओट्याजवळची दोन बुटकी कपाटं काढून टाकली, त्यातल्या वस्तू वर चढवल्या, आणि ती भिंत मोकळी करून खाली जाड सतरंजी टाकली. मावशींना काही सांगितलं नाही. संध्याकाळी भाजी निवडायला घेतली तेव्हा प्रज्ञा आधी स्वतः तिथे बसली. थोड्या वेळाने मावशी आल्या, पाठ टेकून पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, "आन ती मेथी हिकडं. अशी निवडत्यात व्हय?" तो पावसाळा मावशींनी लोणावळ्यात काढला. भात कापणीला गेल्या, पण परत आल्या. पुढे त्यांचं असंच येणं-जाणं राहिलं.

मी हे सगळं कौतुकाने ऐकायचे, दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टी म्हणून. माझ्यावर वेळ आली ती माझे यजमान, श्रीकांत, अचानक गेले तेव्हा. आमच्या तळेगावच्या घरात जेवायचं टेबल चार जणांचं, हॉलच्या एका बाजूला. मुलगा परदेशी. आम्ही दोघं वर्षानुवर्षं समोरासमोर बसून जेवायचो. ते गेल्यावर मी टेबलावर बसायचंच सोडलं. ओट्यापाशी उभ्याने दोन घास खायचे. हॉलचे पडदे उघडायचे नाहीत. शाळेतून शिकवून यायचं, आतल्या खोलीत जायचं, दार लोटायचं. मला वाटायचं, दुःख असंच असतं, त्यात घराचा काय संबंध?

एका रविवारी प्रज्ञा आली, न कळवता. चहा झाला. तिने काही विचारलं नाही. थोडा वेळ हॉलमध्ये बसली, मग टेबलापाशी, श्रीकांतच्या खुर्चीत नव्हे, माझ्या खुर्चीत. समोर बघत राहिली. मग उठून टेबलाचं एक टोक धरलं आणि म्हणाली, "धर गं जरा."

"काय करतेयस?"

"खिडकीकडे घेऊ."

"नको. राहू दे तसंच. आणि ती खुर्ची हलवायची नाही, सांगून ठेवते!" माझा आवाज इतका चढला की शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं.

तिने टेबल सोडलं. माझ्याजवळ येऊन बसली. मी रडले, खूप दिवसांनी. ती पाठीवर हात ठेवून बसून राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "समोरासमोर बसलं ना, की समोरचा माणूस नाही हे प्रत्येक घासाला दिसतं. खुर्ची मी काढून नेणार नाही, मेधे. फक्त शेजारी घेऊया. दोघं खिडकीकडे तोंड करून बसाल."

तिने 'बसाल' म्हटलं. श्रीकांतना धरून म्हटलं. मी उठले आणि टेबलाचं दुसरं टोक धरलं.

आम्ही ते खिडकीला लावलं. दोन खुर्च्या शेजारी शेजारी, बाकीच्या दोन माळ्यावर. तिने पडदे सरकवले. बाहेर सोसायटीचं गुलमोहराचं झाड, खाली कोणीतरी स्कूटर धूत होतं. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघींनी तिथे बसून पिठलं-भात खाल्ला. ती शेजारच्या खुर्चीत बसली, आणि जेवण झाल्यावर लोणावळ्याला गेली. मी दुसऱ्या दिवशी तिथे एकटी बसले. सोपं नव्हतं. पण समोर झाड होतं, येणारी-जाणारी माणसं होती. आजही मी तिथेच जेवते. मेलेलं माणूस टेबल हलवून परत येत नाही, हे मला कळतं. पण मी उभ्याने जेवायचं सोडलं, आणि तिथून माझं मला हळूहळू सापडायला लागलं, हेही खरं आहे.

गेल्या उन्हाळ्यात तिचं दुखणं कळलं. कॅन्सर, आणि पुष्कळ पसरलेला. पुण्यात उपचार झाले. पावसाळा लागता लागता डॉक्टरांनी मिलिंदला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी ठेवा, आराम पडेल तेवढं बघा. बेडरूम ही त्या घरातली सगळ्यात शांत खोली. मिलिंदने तिथे सगळी तयारी केली होती, भाड्याचा लोखंडी पलंग आणला होता. प्रज्ञा गाडीतून उतरून कशीबशी वर आली, बेडरूमच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "इथे नको. हॉलमध्ये."

सगळ्यांनी समजावलं. मिलिंदची बहीण म्हणाली, अगं वहिनी, माणसं येणार-जाणार, कुकरच्या शिट्ट्या, दाराची बेल, तुला झोप कशी लागेल? मावशीही म्हणाल्या, "आत पड बाई, आडोसा असतो." प्रज्ञा खुर्चीत बसली होती, धाप लागली होती. थांबत थांबत म्हणाली, "आजारी माणसाला आतल्या खोलीत ठेवलं ना… की बाकीचं घर त्याच्याशिवाय चालायला शिकतं. शिकाल तुम्ही. पण मी असताना नको."

तो मोठा एल आकाराचा सोफा मिलिंदने आणि शेजारच्या कुलकर्ण्यांनी दोन तुकडे करून बेडरूममध्ये नेला. प्रज्ञा खुर्चीतून सांगत होती, पलंग अजून थोडा इकडे, डोकं भिंतीकडे, पाय तिरके. शेवटी तो अशा जागी बसला की पडल्या पडल्या तिला एका बाजूला खिडकी आणि डोंगर दिसायचा, दुसऱ्या बाजूला ओटा, आणि मान जराशी वळवली की दार. त्यानंतर तिने आणखी काही गोष्टी करून घेतल्या. पांढरी ट्यूब बंद, त्याऐवजी कोपऱ्यात पिवळा दिवा. औषधं डोळ्यांसमोर नकोत, ती पलंगामागे एका डब्यात. आणि भेटायला येणाऱ्यांसाठीच्या उंच खुर्च्या काढून टाकल्या, एक बुटकं स्टूल ठेवलं. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, "माणसं उभी राहून खाली बघतात, मग मी पेशंट होते. त्या स्टुलावर बसलं की डोळे डोळ्यांना येतात. मग ती आपोआप भाजीच्या भावावर बोलायला लागतात."

खरंच तसं झालं. त्या चार-पाच महिन्यांत मी जितक्या वेळा गेले, तितक्या वेळा त्या घरात काहीतरी चालू असायचं. मिलिंद ड्यूटीवरून येऊन तिला दिवसभराचं सांगत डबा घासायचा. मावशी ओट्यापाशी आमटीला फोडणी द्यायच्या आणि प्रज्ञा पडूनच म्हणायची, "आई, जिरं करपलं." कुलकर्णीकाकू दार ढकलून यायच्या, वाटीभर साखर न्यायच्या आणि तासभर बसायच्या. दुखायचं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडायचा, ती भिंतीकडे तोंड करायची, आणि घर तेवढ्यापुरतं आवाज कमी करायचं. कोणी कोणाला गप्प बसा असं सांगितल्याचं मला आठवत नाही. मग ती पुन्हा इकडे वळली की भांड्यांचा आवाज परत सुरू.

शेवटची भेट दिवाळीतली. मी करंज्या नेल्या होत्या, तिने एक कोपरा मोडून जिभेवर ठेवला, गिळता आला नाही. मी स्टुलावर बसले होते. पिवळा दिवा लागला होता. मावशी सतरंजीवर बसून वाती वळत होत्या, मिलिंद दारावर आकाशकंदील टांगत होता आणि तो पुन्हा पुन्हा वाकडा होत होता. प्रज्ञा त्याच्याकडे बघत होती. मला वाटलं, आता सांगेल डावीकडे, उजवीकडे. तिने काही सांगितलं नाही. मी विचारलं, "घाबरतेस का गं?" तिने विचार केला. "रात्री, थोडीशी… पण जाग आली की आईचा श्वास ऐकू येतो, मिलिंदचं घोरणं ऐकू येतं. आतल्या खोलीत असते तर जास्त घाबरले असते." मग डोळे मिटून म्हणाली, "कंदील वाकडाच चांगला दिसतोय."

गेल्या रविवारी मी पुन्हा गेले. मावशी टाकव्याला गेल्या होत्या. मिलिंद एकटाच होता. लोखंडी पलंग परत गेला होता आणि हॉलमधली ती जागा रिकामी होती. सोफा अजून बेडरूममध्ये, दोन तुकड्यांत. मिलिंद चहा ठेवायला ओट्याकडे गेला तो त्या रिकाम्या जागेला वळसा घालून. मीही तशीच गेले. दोघांच्याही ते लक्षात आलं.

"बहीण म्हणते सोफा परत आणू," तो म्हणाला. "म्हणते, हॉल ओसाड दिसतो. मी म्हटलं थांब जरा."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला?" त्याने गॅस बारीक केला. "घराबद्दल मला काही वाटायची सवयच नाही हो मेधाताई. ते सगळं ती बघायची. मी नुसता उचलायला."

चहा गाळून झाला. बसायचं कुठे, असा प्रश्न होता. तो आत गेला आणि दोन खुर्च्या घेऊन आला, त्या उंच, आधी काढून टाकलेल्या. त्या जागेच्या कडेला जरा घोटाळला, मग त्या जागेत शिरला आणि एक खुर्ची खाली ठेवली. मागे सरून बघितलं. पुन्हा पुढे होऊन ती थोडी खिडकीकडे फिरवली.

"बसून बघा बरं," तो म्हणाला.

मी बसले. थंडीतलं सकाळचं ऊन खिडकीतून थेट मांडीवर आलं. समोर डोंगर, आणि नजर वळवली की दार.

"डोळ्यांवर येतंय का ऊन?"

"थोडं."

त्याने माझ्या खुर्चीची पाठ धरली, मला तसंच बसवून ती हातभर मागे ओढली, आणि विचारलं, "आता?"